चढणीचा गृहपाठ

शाळा गरम ठेवणारा बॉयलर फुटला तो रविवार होता. वर्गात कोणी नव्हतं म्हणून आम्ही सगळ्यांनी चर्चमध्ये देवाचे आभार मानले. एकोणऐंशी सालचा जानेवारी होता. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, आभार मानायची आम्ही जरा घाईच केली.

मी नेव्हा. पिजन फोर्कच्या घळीत शाळेची बस चालवायचे. घळ म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी पट्टी. खाली त्याच नावाचा ओढा, ओढ्याला लागून रस्ता, रस्त्याला लागून घरं आणि घरांच्या पाठीला लगेच चढण. वर, घळीच्या डोक्यावर, कंपनीचं तळं होतं. खाणीतला कोळसा धुतला की जो काळा गाळ उरतो, तो तिथं साठवायचे आणि त्याच्यापुढे खाणीतल्याच टाकाऊ दगडमातीचा बांध घातलेला होता. लहानपणापासून बघत आलेलो, त्यामुळे तो बांध आम्हाला डोंगरच वाटायचा.

बॉयलर नवा यायला मार्च उजाडणार, असं जिल्ह्याच्या शाळा-कचेरीनं कळवलं. तोवर मुलांना सुट्टी. मुलं खूश, आया हैराण. आणि ड्रीमाबाई संतापल्या.

ड्रीमा मुलिन्स. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग त्या एकोणतीस वर्षं शिकवत होत्या. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून पस्तिशी उलटली तरी मी त्यांना बाईच म्हणायचे. उंच, हाडापेरानं मोठ्या, डाव्या पायानं जरा लंगडत चालणाऱ्या. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ व्हर्लिन, त्याची बायको सोडून गेल्यापासून त्यांच्याकडेच राहायचा. तो कंपनीत बुलडोझर चालवायचा, त्या बांधावरच.

बाईंना वर्गात एकाच गोष्टीचा राग यायचा. उत्तर चुकलं तर त्या काही बोलायच्या नाहीत. पण न बघता, न मोजता ठोकून दिलेलं उत्तर त्यांना लगेच कळायचं, आणि मग त्या मुलाच्या बाकापाशी येऊन हळूच विचारायच्या, "हे तू पाहिलंस?" बस, एवढंच. मला अजून कोणी तसं विचारलं तर मी पुन्हा मोजून बघते.

तर बाई म्हणाल्या, "सुट्टी कसली? शाळा बंद झाली म्हणून घरं बंद झालीत का?" थंडगार शाळेत कोट-मोजे घालून त्या सायक्लोस्टाइलच्या यंत्राचं हँडल फिरवत बसल्या. शाई थंडीनं घट्ट झाली होती, ती मेणबत्तीवर धरून पातळ करायच्या. दर आठवड्याला चार कागद: भाषा, गणित, विज्ञान आणि परिसर. पावाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोमवारी मी ते घरोघर टाकायचे आणि शुक्रवारी भरलेले गोळा करायचे. सतरा मुलं, सतरा पिशव्या.

विकत आणायचं काही नाही, हा त्यांचा नियम. घरात असेल त्यावरच अभ्यास. पावट्याचे दाणे दहा-दहाच्या ढिगात मांडून गुणाकार. आईच्या मक्याच्या पावाची कृती दुप्पट माणसांसाठी लिहा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्याच्या पहिल्या कामाबद्दल विचारा आणि पाच वाक्यं लिहा. एका मुलानं लिहिलं होतं, 'आजोबा म्हणाले पहिलं काम आठवत नाही पण पहिली मारामारी आठवते.' आणि पुढची चार वाक्यं मारामारीवर. बाई हसून हसून बेजार झाल्या आणि खाली लिहिलं, 'छान. पण कोण जिंकलं ते लिहायचं राहिलं.'

आयांनी सुरुवातीला बरीच कुरकुर केली. एकीनं मला दारातच गाठलं. "नेव्हा, तुझ्या बाईला सांग, माझे सगळे पावटे पोरानं गणितात घातले, आता रात्री शिजवू काय?" मी निरोप दिला. बाई म्हणाल्या, "मोजून झाले की शिजवा म्हणावं. मोजल्यानं चव जात नाही."

तिसऱ्या आठवड्यात विज्ञानाचा कागद होता ओढ्याचा. काठीवर इंचाच्या खुणा करा, ओढ्यात काठाशी रोवा, रोज सकाळी पाणी कुठवर आलं ते लिहा. आणि एका काचेच्या बाटलीत ओढ्याचं पाणी भरून खिडकीत ठेवा, दुसऱ्या दिवशी तळाशी काय बसतं ते बघा. किती जाड थर बसला? पावट्याचे किती दाणे एकावर एक ठेवले म्हणजे तेवढा होतो?

शुक्रवारी कागद घेऊन मी बाईंकडे गेले. गॅसवर सफरचंदाच्या फोडी शिजत होत्या. बाई टेबलापाशी बसून कागद वाचत होत्या आणि मी कॉफी पीत होते. वाचता वाचता त्यांनी एक कागद बाजूला ठेवला. मग आणखी एक. मग उठून गॅस बंद केला.

"नेव्हा, पाऊस कधी पडला होता गं?"

"नाताळच्या आधी. आता सगळं गोठलंय."

"हं. मग हे बघ."

तो मिस्टी ब्लँकेनशिपचा कागद होता. मिस्टी आठ वर्षांची, घळीतल्या सगळ्यांत वरच्या घरात आजोबांबरोबर राहायची. आजोबा ओकी, जुने खाणकामगार. मिस्टीचं अक्षर किरटं, पण आकडे स्वच्छ. सोमवार नऊ इंच. मंगळवार साडेनऊ. बुधवार सव्वादहा. गुरुवार अकरा. शुक्रवार साडेअकरा.

"पोरगी काठी हलवत असेल," मी म्हटलं.

"तिच्या खालच्या पाच घरांतली पोरंही हलवताहेत?" बाईंनी पाचही कागद माझ्यापुढे सरकवले. सगळीकडे आकडे चढते. घळीच्या खालच्या तोंडाशी येऊन मिळणाऱ्या लिक ओढ्यावर राहणाऱ्या तिघांच्या कागदांवर मात्र आठवडाभर एकच आकडा होता आणि एकानं लिहिलं होतं, 'बर्फ झाला, काठी निघत नाही.'

एकाच थंडीत एक ओढा गोठलेला आणि दुसरा चढतोय. पिजन फोर्क यंदा गोठला नव्हता हे मी रोज बसमधून बघत होते. बघत होते, पण ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

बाटलीखाली मिस्टीनं लिहिलं होतं, 'सोमवारी एक दाणा. बुधवारी दोन. शुक्रवारी चार दाणे, काळा.' आणि कागदाच्या शेवटी, 'मी पाहिलेली एक नवी गोष्ट' या ओळीपुढे: 'आमच्या घरामागे डोंगरातून नवा झरा आला आहे. तो गोठत नाही. आजोबा म्हणतात सत्तर वर्षांत तो इथं नव्हता.'

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वर गेलो. ओकी दारातच उभे होते, जणू आमची वाटच बघत होते.

"ड्रीमा, पोरीचं काही चुकलं का?"

"नाही ओकीकाका. बरोबर आहे, म्हणून आले."

घरामागे चढणीच्या पायथ्याला सगळीकडे पांढरं हिव पडलं होतं आणि मधोमध एक पट्टा ओला, काळा. मनगटाएवढी धार, गडबड न करता वाहत होती. मिस्टी शहाण्यासारखी मधे उभी राहून दाखवत होती. "आधी इथंच होता बाई. आता तिथंही आहे. तो तिसरा कालच आला."

ओकींनी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग थुंकले. "कोळसा धुतल्याचं पाणी आहे. चाळीस वर्षं हे खाल्लंय मी, मला कोण शिकवणार?" त्यांनी वर बघितलं. तिथून बांध दिसत नव्हता, मधे डोंगराचं वळण होतं. तरी आम्ही सगळेच तिकडे बघत राहिलो.

त्या संध्याकाळी बाईंनी व्हर्लिनला विचारलं. मी तिथंच होते. तो पावटे आणि मक्याचा पाव खात होता.

"व्हर्लिन, बांध पाझरतोय का?"

"सगळेच बांध पाझरतात ताई."

"ओकीकाकांच्या मागे तीन झरे फुटलेत. काळे."

"त्या म्हाताऱ्याला सगळीकडे काळंच दिसतं."

"मी पाहिलेत."

व्हर्लिननं चमचा खाली ठेवला. "अकरा वर्षं मी त्याच्यावर यंत्र फिरवतोय. इंजिनिअर येऊन बघून जातात. तू पोरांना पावटे मोजायला लाव, बांध आम्ही बघतो." आणि ताट अर्धं टाकून उठला. जाताना दार आपटलं नाही, हळूच लावलं. बाई म्हणाल्या, "आपटलं असतं तर बरं वाटलं असतं."

सोमवारी त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या. इंजिनिअर तरुण होता, बोलायला गोड. कॉफी दिली, खुर्ची दिली. मुलांचे कागद एकेक करून बघितले आणि म्हणाला, "फारच छान उपक्रम आहे, बाई. माझ्या मुलीच्या शाळेत असं काही करून घेत नाहीत." मग कागद नीट जुळवून परत केले. "पण हे पावट्याचे दाणे आहेत हो. आमच्याकडे मोजायची उपकरणं आहेत."

"ती काय सांगतात?"

"ते कंपनीच्या बाहेर सांगायची पद्धत नाही."

बाईंनी वरच्या सरकारी कचेरीला पत्र टाकलं, सोबत आकड्यांची हातानं केलेली नक्कल. उत्तर आलं की पत्र पोचलं, क्रमवार तपासणी होईल. ओकींनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, तर मागून कोणीतरी म्हणालं, "कंपनी बंद पडली तर तू पोसणार का आम्हाला?" ओकी खाली बसले. घळीतल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस कंपनीत होता. भीती काय सगळ्यांनाच होती. पण पगाराची भीती दर पंधरवड्याला आठवण करून द्यायची, बांधाची भीती तसं करत नव्हती.

चार दिवस गेले. शुक्रवारी मी कागद घेऊन गेले तेव्हा त्या टाइपरायटरपाशी बसलेल्या.

"नेव्हा, या घळीत माझं कोण ऐकतं?"

"मुलं ऐकतात."

"आणि मुलांचं?"

मी विचार केला. "गृहपाठ असेल तर सगळेच ऐकतात. करून टाक एकदाचा, म्हणतात."

त्यांनी यंत्रातला कागद माझ्याकडे वळवला.

'या आठवड्यात गणित आणि परिसर एकत्र,' त्यावर लिहिलं होतं. 'दारातून बाहेर पडा. ओढ्याकडे पाठ करा. चर्चच्या घंटेपेक्षा उंच जागी पोचेपर्यंत चढा. किती पावलं झाली? मग घरातल्या सगळ्यांना घेऊन पुन्हा चढा. किती मिनिटं लागली? सगळ्यांत शेवटी कोण पोचलं आणि का? वाटेत काय आडवं आलं? त्याचं चित्र काढा. हे तीन वेगवेगळ्या वेळी करायचं आहे. एकदा सकाळी उठल्या उठल्या, तोंडसुद्धा न धुता.'

मी तो दोनदा वाचला. "बाई, हे..."

"हा गृहपाठ आहे," त्या म्हणाल्या. "वाटून ये."

पुढच्या शुक्रवारी आलेले कागद मी बसमध्येच वाचले, धीर धरवला नाही. 'दोनशे बारा पावलं. बाबा रागावले पण आले.' 'आजी शेवटी पोचली. मध्येच दगडावर बसून म्हणाली, तुझ्या बाईला सांग मी तिसरी पास आहे.' 'कुंपणाची तार आडवी येते, बाबांनी तोडून फाटक केलं.' 'बाळाला उचलून नऊ मिनिटं, न उचलता पाच.' बाईंनी प्रत्येकाला उत्तर लिहिलं. नऊ मिनिटांपुढे लिहिलं, 'जास्त आहेत. बाळ कोण उचलेल ते ठरवा. पुन्हा करून बघा.'

पुढच्या आठवड्यात तोच गृहपाठ, जरा अवघड: जेवताना, पहिला घास घेतला की उठायचं. लोक हसायचे. रस्त्यावर भेटले की विचारायचे, "काय गं नेव्हा, या आठवड्यात किती वेळा डोंगर चढवणार म्हातारी?" पण चढायचे. पोरं ऐकत नव्हती ना! मिस्टी तर आजोबांचे बूट दाराशी बाहेरच्या दिशेनं तोंड करून ठेवायची.

ओढ्याचे आकडेही येतच होते. मिस्टीच्या काठीवरच्या खुणा संपल्या, तिनं दुसरी काठी जोडली.

मग रीटानं तक्रार केली. रीटा स्टॉलिंग्ज घळीच्या मधल्या वळणावर राहायची. नवरा लॉनी कंपनीत मुकादम, मुलगा डॅरेल बाईंच्या वर्गात. वाईट बाई नव्हती ती. नवऱ्याच्या बढतीचं चाललं होतं आणि तिच्याच घरातून कंपनीच्या नावानं बोंब मारली जातेय असं कोणी म्हणायला नको होतं. मी पिशवी द्यायला गेले तेव्हा तिनं चढणीचा कागद काढून माझ्या हातात परत कोंबला.

"हे गणित आहे होय? पोर झोपेत ओरडतंय, चढा चढा म्हणून. कळतं मला ती काय करतेय ते."

"रीटा, दहा मिनिटांचं तर काम आहे."

"मग तू चढ!"

दोन दिवसांनी शिक्षणाधिकारी गार्लंडसाहेब स्वतः बाईंच्या घरी आले. टोपी हातात घेऊन उभ्या उभ्याच बोलले. "मुलिन्सबाई, निवृत्तीला किती राहिलं?"

"पंधरा महिने."

"मग कशाला? ठरलेलं पुस्तक आहे, त्यातलंच द्या. लोकांना घाबरवायचं काम शाळेचं नाही. निदान ज्यांना नकोय त्यांना तरी देऊ नका. पुन्हा तक्रार आली तर मला सगळंच थांबवावं लागेल. यंत्राची किल्ली द्या."

बाईंनी किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या कार्बन लावून हातानंच चढणीचे कागद लिहायला बसल्या. मी पिशव्या भरत होते. डॅरेलची पिशवी आली तेव्हा दोघीही थांबलो.

बाई म्हणाल्या, "काय करू?"

आणि मी, मीच म्हटलं, "एका घरासाठी सोळा घरांचं बंद पाडू नका, बाई. तिला नको ना, राहू द्या."

बाईंनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग टेबलावर पालथा ठेवला. डॅरेलच्या पिशवीत आम्ही स्पेलिंगची यादी घातली.

फेब्रुवारी संपता संपता थंडी मोडली आणि तीन दिवस पाऊस लागला. डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी धावायला लागलं. आता ओढा चढला तर त्यात नवल काय, असं सगळे म्हणायला लागले. माझं मात्र झोपेत दचकणं सुरू झालं.

गुरुवारी सकाळी सातला फोन वाजला. बाई होत्या. आवाज वर्गातल्यासारखा, हळू. "नेव्हा, बस काढ. व्हर्लिन आत्ताच पाळीवरून आलाय. बांधाच्या माथ्यावर भेग पडलीय, हात आत जातो. त्यांना ती माती लोटून बुजवायला लावली. कोणाला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मग त्यानं तुम्हाला..."

"बुटासकट येऊन माझ्या पलंगावर बसला. बस काढ."

बस गारठली होती. चालू व्हायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं अजून माझ्या डोक्यात फिरतात. बाईंना घेतलं, भोंगा वाजवत वर निघाले. चर्चपाशी पोचलो तेव्हा बाईंनी माझा दंड धरला. "थांब. वर बघ."

चढणीवर माणसं होती.

काय घडलं होतं ते मिस्टीनं नंतर सांगितलं. ती नेहमीप्रमाणे काठी बघायला गेली, तर काठीच नव्हती आणि पाणी काकवीसारखं दाट झालेलं. ती घरात आली. ओकी न्याहारीला बसले होते. ती म्हणाली, "आजोबा, गृहपाठ." ओकी म्हणाले, "एवढी अंडी खाऊ दे गं." पोरगी काही न बोलता बूट घेऊन त्यांच्या पायाशी बसली. ओकींनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि अंडी तशीच टाकून उठले.

त्यांना चढताना खालच्या घरातल्या पोरांनी पाहिलं. आज गृहपाठ आहे, आपल्याला कसं माहीत नाही? तीही निघाली, मागून आया ओरडत निघाल्या. त्यांना बघून त्याच्या खालचं घर. वरच्या घरातली माणसं चढताना दिसली की खालची चढत होती. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सव्वासातपासून पावणेआठपर्यंत असं घरामागून घर रिकामं होत गेलं.

रीटाच्या शेजारच्या मुलीनं चढणीवरून डॅरेलला हाक मारली होती. रीटा दारात आली, हातात भांडं पुसायचं फडकं. तिनं वर बघितलं आणि हात हलवला. "करा, करा तुमचा गृहपाठ!" म्हणाली आणि आत गेली. ती मुलगी आज मोठी आहे, तिला मुलं आहेत. ते वाक्य ती कोणासमोर बोलत नाही. मला एकदाच सांगितलं.

आवाज आला तो गडगडाटासारखा नव्हता. कोणी खूप मोठं कापड फाडत असल्यासारखा आला, आणि थांबेचना. मी बाईंना ओढलं, का बाईंनी मला, आठवत नाही. चर्चच्या मागून आम्ही चढलो, त्या लंगड्या पायानं माझ्यापुढे होत्या. मागे वळले तेव्हा रस्ता नव्हता, बस नव्हती. काळी भिंत घरं उचलून घेऊन जात होती. घरं मोडत नव्हती लगेच, तरंगत होती. एका खिडकीत दिवा लागलेला होता.

सात माणसं गेली. पाच जण खालच्या अंगाचे, एकटे राहणारे, ज्यांच्याकडे शाळेतलं मूल नव्हतं. आणि रीटा आणि डॅरेल. बाईंच्या सतरांपैकी सोळा मुलं डोंगरावर होती. बाई बोटं मोजत एकेकाचं नाव घेत होत्या. सोळावर थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. शेवटी आम्हाला शोधत वर आलेल्या व्हर्लिननं त्यांचे हात धरून ठेवले.

चौकशी बसली. कंपनी म्हणाली, पाऊस नको तेवढा झाला, देवाची करणी. बाई सगळे कागद घेऊन साक्षीला गेल्या. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "बांधकामाचं तुमचं शिक्षण किती झालंय?"

"काहीच नाही. मला तिसरीचं गणित येतं."

"मग बांध फुटणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कळलं नव्हतं. मुलांनी मोजलं होतं."

व्हर्लिननंही साक्ष दिली, भेगेची. त्यानंतर या भागातल्या एकाही खाणीनं त्याला काम दिलं नाही.

मे महिन्यात लॉनी आला, रीटाचा नवरा. त्या सकाळी तो वर पाळीवर होता म्हणून वाचला. बाई तेव्हा गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. मी आत भांडी घासत होते. तो पायरीवर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

"तो कागद आहे का? शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना दिलेला."

बाईंनी आणून दिला. तो उभ्या उभ्या वाचत राहिला. छोटासाच तर कागद होता, पण त्याला फार वेळ लागला.

"हा आमच्याकडे आला नाही."

मी साबणाचे हात तसेच धरून दारात आले. सांगणार होते की मी म्हटलं होतं, माझ्यामुळे. पण बाई आधीच बोलल्या.

"नाही आला. तक्रार आली होती, पण ठरवलं मीच. द्यायला हवा होता."

लॉनीनं मान हलवली. रागावला असता, ओरडला असता तर आम्हाला सोसलं असतं. तो म्हणाला, "डॅरेल भराभर चढायचा हो. झाडावरसुद्धा." आणि कागदाची घडी खिशात घालून गेला.

मी बाईंना म्हटलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"वर्ग माझा होता," त्या म्हणाल्या, आणि तो विषय पुन्हा कधी निघू दिला नाही.

आमची शाळा परत उघडली नाही. मुलं मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत गेली. बाईंनी पंधरा महिने तिथं काढले, पण सांगतात की त्या वर्गात फार बोलायच्या नाहीत. नंतर आठ वर्षं जगल्या. ओकी त्यांच्या आधी गेले, शांतपणे, झोपेत. मिस्टी हल्ली पूल बांधणाऱ्यांकडे मोजणीचं काम करते.

कंपनीनं नाव बदललं आणि दोन डोंगर पलीकडच्या घळीत नवं तळं केलं. तिथल्या शाळेची बस आता मी चालवते. नवा बांध जुन्यापेक्षा उंच आहे, त्यावर गवत लावलंय, पाटीवर माहिती लिहिलीय, सगळं व्यवस्थित दिसतं. या जानेवारीत सगळा डोंगर पिवळा पडलाय, पण बांधाच्या पायथ्याला एक पट्टा ओला आणि हिरवागार आहे. मागच्या आठवड्यात तो कुंपणापर्यंत होता, काल कुंपणाच्या अलीकडे आला.

मी कंपनीच्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या माणसानं माझं नाव विचारलं, त्याचं स्पेलिंग विचारलं आणि म्हणाला, लिहून घेतलंय.